दहा हत्तींचा पट्टा

...तलवार? बसल्या बसल्या जादूची तलवार? नाही हो, तशी नाही मिळत — हसतेय मी, रागावले नाही — पण आधी खेळ समजून घ्या. हा कागद तुमचा, यावर तुमचं पात्र, त्याचं बळ, त्याची अक्कल. गोष्ट मी सांगणार, राक्षस माझे. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं आणि हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा तर वार बसला, लहान तर हुकला. आता त्यात मी तुम्हाला तलवार दिली, दर आकड्यात पाच वाढवणारी — मजा येईल? येईल की, पहिले दोन रविवार येईल. मग नाही. मी दिवसभर दुकानात लोकांचे कपडे उसवून बेताचे करते — एकीकडून आत घेतलं की दुसरीकडे ओढ बसतेच. इथंही तेच.

कुणी सांगितलं काय, हात पोळलेत माझे. माझा धाकटा भाऊ खेळायचा ना, योद्धा होता त्याचा. भाऊ गॅरेजात कामाला. एकट्यानं इंजिन उचलायचा म्हणे — थापा असतील — पण दणकट होता मेला. मग स्नायूंचं दुखणं लागलं. आधी हातातून पाना सुटायला लागला, मग जिना सुटला. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, सांभाळा. सांभाळा म्हणजे काय करायचं असतं? मी त्याच्या योद्ध्याला पट्टा दिला, दहा हत्तींचं बळ देणारा. त्या दिवशी एका लाथेत किल्ल्याचा दरवाजा फोडला त्यानं — आणि असा हसला, असा हसला! आठवडाभर पडून असायचा, पण रविवारी आपला आपण उठून, भिंत धरत, या टेबलाशी यायचा. दुसरं होतं काय त्याला? काही नव्हतं.

पण पट्ट्यापुढे राक्षस टिकेनात. मी राक्षस मोठे केले — तर ते त्याच्या गॅरेजातल्या मित्राला, तोही खेळायचा आमच्यात, एका फटक्यात मारायला लागले. बिचारा एका महिन्यात दोनदा मेला! त्याला चिलखत दिलं. मग आमच्यात खेळणाऱ्या शेजारच्या बाई रुसल्या, त्यांना जादूची अंगठी. मग पुन्हा राक्षस वाढवा — रोगापेक्षा औषध जालीम. एकदा तर गोष्टीत चोर आणला, पट्टा पळवला. भावाचा चेहरा जो झाला — जाऊ दे. पुढच्या रविवारी सापडला म्हणून परत दिला. मित्र म्हणाला, "हा एकटा पुरे आहे की, आम्ही कशाला?" गेला. बाईंनीही कामाचं निमित्त काढलं.

मग आम्ही दोघंच. राक्षसाचा फासा मी या पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचे — असतो तो, गोष्ट सांगणाऱ्या सगळ्यांकडे असतो — आणि वार बसला तरी म्हणायचे, हुकला. काय बिघडलं? घरात एक तरी गोष्ट त्याच्या मनासारखी... मोठ्यानं बोला हो, कुजबुजू नका. तर एकदा तो म्हणाला, "ताई, आडोसा काढ." काढला. म्हणाला, "माझा योद्धा पट्टा सोडून नदीत टाकतो. आता खरं टाक." मी म्हटलं, वेडा आहेस का? तर म्हणतो, "मी हरूच शकत नसेन, तर मी खेळतोय कुठे? तू एकटीच खेळतेयस." मग राक्षसाचा फासा टाकला. उघड्यावर. वीस पडले. वीसच्या पुढे आकडाच नाही. योद्धा गेला. "बघ, असं असतं," म्हणाला, आणि भिंत धरत आत गेला. तेव्हापासून रविवारी बाहेर आलेला नाही.

बाकीचे? बाकीचे कुणी येणार नाहीत. फोनवर चौघं म्हटलं ते खोटं होतं. म्हटलं, परक्या माणसाचा आवाज आला, फासे वाजले, की कदाचित... नवा योद्धा तयार ठेवलाय त्याच्यासाठी. बिनपट्ट्याचा, साधा, मरणारा. सकाळी विचारलं, "नवीन माणूस येतोय, येशील?" नाही म्हणाला नाही, म्हणून मला वाटलं — ते समोरचं दार त्याच्या खोलीचं. फटीतून उजेड दिसतोय ना? म्हणजे जागा आहे, ऐकतोय. टाका तुम्ही. जोरात टाका, वाजू दे टेबलावर —

किती पडले? थांबा.

दिवा मालवला त्यानं.

नाही, राहू द्या, फासे मी उचलीन. तुम्ही निघा आता. दार नुसतं ओढून घ्या, आपोआप लागतं.