मी न्यायाधीश निवडून आणला!

नाही नाही, तुम्ही आधी ते पुस्तक हातात घेऊन बघा, मग मला शहाणपण शिकवा! मतपत्रिका पोस्टानं घरी येते आणि तिच्यासोबत हे पुस्तक, मतदारांना माहिती म्हणून... माहिती! तुम्हाला सांगतो, एकशे अठ्ठ्याऐंशी पानं! आमच्या अख्ख्या गावात तेवढी घरं नाहीत हो! आणि निवडणूक कसली? राष्ट्राध्यक्षाची? छे! आमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, जूनमधली, प्राथमिक फेरी! डासांचा बंदोबस्त कुणी बघायचा, स्मशानभूमीच्या मंडळावर कोण बसणार, हे सगळं ठरवायचं मी, वेंडेल ऑस्टनं, ज्यानं चौतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या! आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, विचार करून मत द्या!

अहो, करतो ना विचार! पण कशावर? ठराव एच ऐका. 'अग्निशमन विभागाच्या करमर्यादेला स्थगिती देणारा मागचा ठराव रद्द करू नये, असा जो नियम आहे, तो काढून टाकावा काय?' होय की नाही? मी बायकोला तीनदा वाचून दाखवलं. लोर्ना इस्त्री करत होती. ती म्हणाली, "वेंडेल, मला एवढंच सांग, आग लागली तर बंब येणार की नाही येणार?" आता हे त्या एकशे अठ्ठ्याऐंशी पानांत कुठेही नाही! ठरावाच्या बाजूचे मुद्दे आहेत, विरोधातले मुद्दे आहेत, बाजूच्या मुद्द्यांना उत्तर आहे, विरोधातल्या मुद्द्यांना उत्तर आहे. बाजूवाले म्हणतात, होय म्हणा नाहीतर घर जळेल. विरोधातले म्हणतात, होय म्हणालात तर कर भरताभरता घर विकावं लागेल. म्हणजे घर जाणार ते जाणारच! आणि वर म्हणतात, विचार करून मत द्या!

पण मरू दे तो ठराव. माझा जीव अडकला होता न्यायाधीशात.

त्याचं असं, आमची मुलगी कोरीन. तिच्याकडे दोन वर्षांपासून एक मुलगी आहे, टॅबी. सरकारनं सांभाळायला दिलेली. आली तेव्हा तीन वर्षांची होती आणि टेबलाखाली बसून जेवायची, आता पाच वर्षांची आहे आणि मला दम देते. "आजोबा, बूट बाहेर काढ!" असा! कोरीनला तिला कायमची दत्तक घ्यायची होती. सगळं होत आलेलं, तेवढ्यात नेवाडा राज्यातून तिचा एक मामा उगवला. मुलगी माझ्या रक्ताची, माझ्याकडे द्या म्हणे! दोन वर्षांत वाढदिवसाला साधं कार्ड नाही पाठवलं या माणसानं, आणि आता रक्त आठवलं! तर हा खटला चालणार फेब्रुवारीत, दोन नंबरच्या कोर्टात. आणि दोन नंबरचे न्यायाधीश निवृत्त होणार, त्यांची खुर्ची कुणाला मिळणार ते ठरणार जूनच्या मतपत्रिकेवर! आता सांगा, मी झोपू कसा?

उमेदवार दोन. मार्गरीट डनलेव्ही आणि रसेल टीग. पुस्तकात दोघांना एकेक पान. डनलेव्हीबाई निष्पक्ष, अनुभवी, कष्टाळू. टीगसाहेब अनुभवी, कष्टाळू, निष्पक्ष! पक्ष लिहायचा नाही, कारण न्यायाधीशाला पक्ष नसतो. मत सांगायचं नाही, कारण न्यायाधीशाला मत नसतं. नावाखाली फक्त धंदा. बाई सरकारी वकील, टीगसाहेब 'वकील आणि द्राक्षबागायतदार'. आता द्राक्षांवरून मी काय ओळखू? एक नंबरच्या कोर्टातल्या प्रूइटसाहेबांचं तर त्याहून भारी! चोवीस वर्षं त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहत नाही. मतपत्रिकेवर एकच नाव, आणि खाली सूचना, 'एकालाच मत द्या'! आणि वर म्हणतात, विचार करून!

मग मी ठरवलं, माणूस समोरून बघायचा. अग्निशमन केंद्रात रविवारी पॅनकेकची न्याहारी होती, झाडून सगळे उमेदवार येतात, पोरांना सरबत वाढतात. मी आधी टीगसाहेबांना गाठलं. त्यांना टॅबीचं सगळं सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, मान हलवली, "अरेरे, हो का? काळजी करू नका हं, वेंडेल!" डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मी मनात म्हटलं, हा उद्या त्या मामाच्याही खांद्यावर हात ठेवेल.

मग डनलेव्हीबाईंकडे गेलो. मी 'माझ्या नातीचा खटला' एवढं म्हणतोय तर बाई दोन पावलं मागे! "मिस्टर ऑस्ट, जो खटला माझ्यासमोर येऊ शकतो त्याबद्दल मी एक शब्द ऐकू शकत नाही." मी म्हटलं, अहो, ऐकू नका, नुसतं उभं राहा, मी बोलतो! त्या गाडीकडे निघाल्या. मी हातात पॅनकेकची बशी घेऊन मागे. बाईंनी काच वर केली. मी काचेबाहेरून सांगितलं, मामा, वाढदिवसाचं कार्ड, टेबलाखालचं जेवण, सगळं! बाई तोंड वळवून नाकासमोर बघत निघून गेल्या. आणि मी भर उन्हात, पाकानं हात चिकट झालेले, तिथेच ठरवलं, हीच! नियमाची पक्की! हिच्यासमोर कुणाचं रक्त-बिक्त चालायचं नाही.

झालं! मी अंगणात बाईंच्या नावाची पाटी ठोकली. दोन पाट्या ठोकल्या! दारोदार फिरलो, गुडघे सुजले. गावच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं, फोटोसकट छापून आलं. लोर्ना म्हणायची, "अरे, तिला ते सांगायची गरज होती का? हात दाखवून अवलक्षण!" मी म्हटलं, गप्प बस, मी विचार करून मत देतोय!

आणि बाई जिंकल्या. एक्केचाळीस मतांनी! मी म्हणतो त्यातली तीस माझी. मी नाचलो हो स्वयंपाकघरात. टॅबी विचारते, "आजोबा, काय झालं?" मी म्हटलं, तुला न्यायाधीश आणून दिला!

फेब्रुवारी आला. टॅबीला पिवळा फ्रॉक, केसांना क्लिपा. तिनं शाळेत सांगून टाकलेलं, आज माझं आडनाव बदलणार. आम्ही पहिल्या बाकावर. पलीकडे मामा, नवा सूट. बाई काळा झगा घालून आल्या, कागद उघडले, वर बघितलं... आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. मी हसलो. हात पण केला थोडासा.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मुलीच्या आजोबांनी निवडणुकीच्या काळात या खटल्याबद्दल माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला होता. त्यांनी माझा जाहीर प्रचारही केला. अशा परिस्थितीत मी हा खटला चालवणं योग्य नाही. तो एक नंबरच्या कोर्टाकडे जाईल." मग कारकुनानं वही चाळली, प्रूइटसाहेबांची पुढची मोकळी तारीख, जुलै.

जुलै! पाच महिने! मामा माझ्याकडे बघून हसला. टॅबीनं कोरीनची बाही ओढली, "झालं का? आता मी ऑस्ट?" कोरीन तिच्या केसांतली क्लिप नीट करत राहिली. तुम्हाला सांगतो... चौतीस वर्षांत एक गाडी मी बिघडवून परत दिली नाही, आणि हे एक काम हातात घेतलं तर पोरीचंच.

पायऱ्यांवर कोरीन म्हणाली, "बाबा, प्रूइटसाहेब सज्जन आहेत म्हणतात." मी म्हटलं, हो? ती म्हणाली, "हो. म्हणून हात जोडते, तू त्यांना भेटू नकोस."

आता आमचं गाव केवढं? दुकान एक, पोस्ट एक, न्हावी एक, आणि प्रूइटसाहेब तिन्हीकडे! मी त्यांची गाडी दिसली की केस तसेच घेऊन घरी येतो. परवा दुकानात दुधाच्या फ्रिजसमोर उभा होतो, तर मागून आवाज, "थंडी फार आहे, नाही?" वळून बघतो तर स्वतः प्रूइटसाहेब! माणूस म्हणून चांगलाच वाटला हो, हातात अंडी होती. आणि थंडी होती! माझे दात वाजत होते! पण हो म्हटलं तर ओळख होते, नाही म्हटलं तर वाद होतो... मी सामानाची गाडी तिथेच सोडली आणि दूध न घेता घरी आलो.