जपानी साहेबाची झुबोन

चूक बाबाची होती, भाऊ. सारी. लोकं मले दोष देतात — पावर हाउसच्या बाजारात कोणालेही विचारा, म्हणतील, भाऊराव टेलरचा पोरगा वाया गेला, मॅट्रिक अर्धवट सोडली, वर बापाले उलटून बोलते. बोलतो! हात वर करा जरा, कमरेचं माप घेऊ द्या. हव, मी टेप लावतो. बाबा नव्हता लावत. कावून? सांगतो ना, सरळ उभे राहा — भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात मालगुजार ओसरीवरून कापड फेकायचा अन् बाबा दहा हातांवरून, अंगणात उभा राहून, डोळ्यानंच त्याचं माप घ्यायचा. आमच्या हातचे कपडे चालत, हात लागलेला नाही चालायचा. बरं, ते गाव सुटलं. इथं पोलादाच्या कारखान्यात रशियन साहेब आले, पोट पुढं करून उभे राहिले, अन् आमचा बाबा? दोन्ही हात मागं! नागपूरले दीक्षा घेऊन सात वर्षं झाली, म्हटलं, आता तरी कोणाच्या कमरेले टेप लाव. तर म्हणे, "माही नजर चुकत नाही बे." रशियनांवर नाही चुकली, खोटं कशाले बोलू. सारे एका मापाचे — पोट ढोलासारखं, अन् पॅन्टचा पाय इतका ढगळ का आत कोंबडी अंड्यावर बसंल.

मग आला जपानी. बैलाडिल्याचा लोखंडाचा डोंगर पाहायले निघालेला, अन् जीपच्या पत्र्याले अडकून पॅन्ट मागून टर्रकन फाटली. सामान पुढच्या गाडीत. एवढासा माणूस, माझ्या खांद्याले लागे. त्या बाकावर बसला मांडीवर टॉवेल घेऊन, बाबा मशीनवर, अन् मी आपल्या मोडक्या इंग्रजीत गप्पा मारून राहिलो. साहेब खूश! म्हणे, आमच्या स्टोअरमध्ये हिंदी-इंग्रजीवाला पाहिजे, उद्या सकाळी येतो का संग? मले विचारलं, भाऊ! या पायडलवरून उठून, डोंगरावर, स्टोअरमध्ये!

तीन तासांत पॅन्ट तयार. पण साहेब म्हटला का बाबाच्या डोळ्यांपुढं रशियनच — नजरेचं माप ना! जपान्याचे दोन्ही पाय एकाच पायात मावले. कंबर मुठीत धरून पडद्यामागून आला, हसून हसून डोळ्यांत पाणी. मले म्हणे, आमच्यात पॅन्टले झुबोन म्हणतात, अन् तो शब्द आमचा नाही, फ्रेंच लोकांकडून आला म्हणतात — त्यांच्यात जुपों म्हणजे बायकांचा परकर! कोणी म्हणते, नाही, पाय आत घातला का झुबुन्न करून जाते, म्हणून झुबोन. म्हणे, काही का असंना, परकर-परकर म्हणत आमचा अख्खा देश पॅन्ट घालून हापिसात जाते!

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी. बाबानं विचारलं, "काय म्हणते साहेब?" मी म्हटलं, "म्हणते, भाऊरावनं परकर शिवला!" मोठ्यानं. सारं दुकान हसलं. समोरची गिरजाबाई भाजीवाली टोपली सोडून हसत आली.

काय? असं म्हणाला का तो? नाही. तो बिचारा आपल्याच देशावर हसून राहिला होता. ते मी म्हटलं — पण टेप कोणी नाही लावला? मी, का बाबानं?

बाबा उठला. गळ्यातला टेप काढून साहेबाच्या कमरेपर्यंत नेला, अन् हात तिथंच थांबला. बोटभर अंतर असंल. साहेबानंच तो हात धरला अन् आपल्या कमरेवर ठेवला. इस्तरीचा चटका बसावा तसा बाबानं मागं ओढला. मग टेप खाली ठेवला, मागच्या खोलीत गेला, भिंतीकडे तोंड करून निजला. पॅन्ट मी आवळून दिली.

सकाळी जीप आली. हॉर्न वाजला. बाबा तसाच पडलेला, अन् इथं अकरा गिऱ्हाइकांचं कापड कापायचं बाकी. म्हटलं, "बाबा, उठतो का?" चादर डोक्यावर ओढून घेतली. बाहेर जाऊन मी ड्रायव्हरले हात केला — जा.

झालं माप. हात खाली करा. त्या दाराकडे काय पाहता, बाबा तवापासून निजला हाये, उठत नाही तो. शनिवारी या, पॅन्ट भेटंल. बैलाडिल्यावर माझ्या जागी भय्याजी पानवाल्याचा पोरगा गेला. मी नाही गेलो.