किलमोरनचा सहावा खांदा

...आणि वर ती यंत्रातली बाई मला म्हणते, ‘आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात!’ कसलं ठिकाण? कुणाचं ठिकाण? पण ते राहू द्या, ते नंतर. तुम्हाला सांगतो, मला काय हवं होतं? डावीकडं की उजवीकडं, बास! एवढं सांगणारं एक साधं, स्वस्तातलं यंत्र. गाडीच्या काचेला चिकटवायचं, गावाचं नाव टाकायचं आणि निघायचं. यात जगावेगळं काय मागितलं हो मी?

आता तुम्ही म्हणाल, मॅलकी फॅलन, साठी उलटली तुझी, सगळा जन्म आयर्लंडच्या या मेयो जिल्ह्यात गेला, तुला रस्ता सांगायला यंत्र कशाला लागतं? लागतं! आमच्याकडं एकदा रस्ता विचारून बघा. “मॅकहेलची डेअरी होती ना, तिथं वळायचं.” होती! आता नाहीये! पाडली! जी डेअरी जागेवर नाही तिथं मी वळू कसा? “पुढं कुंपणाशी पांढरा घोडा उभा असेल.” आणि घोडा आत गेला असला तर? बरं, विचारायला थांबलात की सुटका नाही. आधी पाऊस, मग गुडघे, मग “तू कुठल्या फॅलनांपैकी रे?” मग तुमची आजी निघते त्याच्या आत्याची मैत्रीण, मग चहा, मग “असा कसा जाशील, दोन घास खाऊन जा...” रस्ता राहतो बाजूला!

गेल्या वर्षी याच भानगडीत सासूबाईंच्या थोरल्या बहिणीच्या मयताला पोहोचलो, तर खड्डा बुजवून माणसं फावडी झटकत होती. आमच्याकडं तुम्ही लग्न चुकवा, बारसं चुकवा, कुणी विचारत नाही. मयत चुकलं की माणूस संपला. सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी समोर बसलेला, आणि त्या असम्प्टाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणायच्या, “त्याला बटाटे हवेत का विचार गं.” मी तिथंच! हातात ताट!

आणि मग त्यांचा भाऊ गेला. कॉलममामा. धिप्पाड माणूस, दारातून आडवा यायचा. असम्प्टा लगेच गेली किलमोरनला, मामाच्या गावी, सँडविचं करायला. आणि सासूबाईंचा फोन आला. मला! थेट! “मॅलकी, पेटीला खांदा द्यायला सहा जण लागतात. पाच झालेत. सहावा तू.” तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वर्षाचा वनवास संपला! “पण या वेळी उशीर केलास ना,” त्या म्हणाल्या, “तर माझ्या मयताला येऊच नकोस.” आणि फोन ठेवला. आता ही धमकी म्हणायची की सवलत, ते तुम्हीच ठरवा, पण मी तडक उठून आमच्या कासलबारातल्याच एका दुकानात गेलो.

दुकानात तो जार्लथ. पोट सुटलेला, चष्मा कपाळावर, गोड बोलणारा. मी म्हटलं, “साधं द्या. डावीकडं की उजवीकडं, बास.” तर म्हणतो कसा, “साधं देतो की साहेब! पण सबंध युरोपचे नकाशे असलेलं बघा ना.” अहो, मला किलमोरनला जायचंय, बेलारूसला काय करू? “यात ट्रॅफिक कळतं साहेब.” आमच्याकडचं ट्रॅफिक म्हणजे टिमोथीच्या गाई, त्या खिडकीतून दिसतात. “कुठल्या पट्ट्यातून जायचं तेही दाखवतं.” पट्टा? आमच्या रस्त्याच्या मधोमध गवत उगवतं हो! “आजन्म नकाशे मोफत!” म्हटलं, “कुणाच्या जन्माचे? माझ्या की यंत्राच्या?” तर हसला आणि पुढं, “आवाज बाईचा हवा की बुवाचा?” म्हटलं, “काहीही द्या, घरी मला कुणी विचारतं का?”

माझ्या साडूकडं, फर्गलकडं, असलं एक भलंमोठं यंत्र आहे. त्यात गाणी वाजतात, फोटो दिसतात, हवामान कळतं. फर्गल गाडीत बसला की वैमानिक! सासूबाई त्याचं कौतुक करताना थकत नाहीत. मग मी तरी कशाला मागं राहू? पण खिशाला परवडायला नको? मी बोट दाखवलं कोपऱ्यातल्या सगळ्यात स्वस्तवाल्याकडं. जार्लथचा चेहरा पडला. “साहेब, घ्या, चांगलंय, पण स्क्रीन बारकी आहे. नावं पूर्ण दिसत नाहीत.”

मी म्हटलं, “मला नावं वाचायची नाहीत, जायचंय.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतोय, पण तुम्ही ठेवा.

वर विचारतो, “कुठं जायचं म्हणालात? किलमोरन? कॉलम गेला ना? मीपण येणारच आहे उद्या. माझ्या आईच्या गावचा.” म्हटलं, या, या. यायला काय, आमच्याकडं मयताला सगळा परगणाच येतो.

दुसऱ्या दिवशी काळा सूट, काळा टाय, बूट चकाचक. यंत्रात टाकलं ‘किलमोरन’. खाली दोन ओळी आल्या. ‘किलमोरन, काउंटी’ आणि ‘किलमोरन, काउंटी’. पुढं स्क्रीनच संपली! कुठली काउंटी, म्हणजे कुठला जिल्हा, ते काचेच्या बाहेर! आता दोन्ही ओळी अगदी सारख्या, तुम्ही काय केलं असतं? मी वरची दाबली. वरची म्हणजे महत्त्वाची, असं मला आपलं वाटलं.

आणि काय सांगू, बाई नेत होती हो सुरेख! “डावीकडे वळा.” वळलो. “उजवीकडे वळा.” वळलो. डेअरी नाही, घोडा नाही, चहा नाही! रस्ता जरा अनोळखी वाटला, पण म्हटलं, तिला जवळचा माहीत असणार. टेकडी उतरलो तर समोर चर्च, दोन्ही बाजूंना कुंपणाला टेकून गाड्याच गाड्या, काळे कोट, छत्र्या. ‘आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात.’ आणि वेळेच्या आधी! मी! तुम्हाला सांगतो, त्या बाईचे पाय धरावेसे वाटले, पण तिला पाय नव्हते.

उतरतोय तोवर एक माणूस धावत आला. “खांदा द्यायला आलात का? एक जण कमी पडतोय!” म्हटलं, “मीच तो.” “डावीकडं उभे राहता की उजवीकडं?” बघा! माणसानं असं विचारावं! मी उभा राहिलो डावीकडं. साडू कुठं दिसेना. म्हटलं, चला, एवढं महागाचं यंत्र आणि या वेळी फर्गलच हुकला! मयतात इतका आनंद माणसाला होऊ नये, पण झाला.

पेटी उचलली. हलकी! अहो, कापसासारखी! मला भरून आलं. एवढा धिप्पाड मामा, दुखण्यानं किती वाळला! पेटी आत नेली, ठेवली, पुढच्या बाकावर घरच्यांशेजारी बसवलं मला. रांगेनं सगळ्यांचे हात हातात घेतले, “वाईट झालं हो, वाईट झालं.” एका म्हाताऱ्यानं माझा हात सोडलाच नाही. “आलास, फार बरं वाटलं,” म्हणाला. कोण होता कुणास ठाऊक, आमच्यापैकी असेल म्हटलं. असम्प्टाला शोधायला मान वळवली, आणि तेवढ्यात फादर म्हणाले, “आपली लाडकी भगिनी फिलोमिना...”

भगिनी!

आता सांगा, काय करायचं? उठून जायचं? पुढच्या बाकावरून? म्हाताऱ्यानं हात घट्ट धरलेला, त्याची बायको होती ती. पेटी बाहेर न्यायलाही सहाच जण लागणार होते. एकदा दिलेला खांदा असा काढून घेता येतो का? खिशात फोन थरथरत होता, थरथरत होता, थांबला. मी बसलो. फिलोमिनाबाईंना पार खड्ड्यापर्यंत पोहोचवलं. खरं सांगतो, थोडा रडलोही. कुणासाठी, ते विचारू नका.

मग निघालो खऱ्या किलमोरनला. पोहोचलो तेव्हा मंडळी हॉटेलात जेवत होती. सासूबाईंनी बघितलं आणि असम्प्टाला म्हणाल्या, “त्याला सूप हवंय का विचार.” झालं! पुन्हा वनवास! आणि त्यांच्या उजव्या हाताला, डिशमध्ये दोन माणसांचं जेवण घेऊन कोण? जार्लथ! ऐन वेळी सहावा खांदा त्यानं दिला होता. सासूबाई म्हणतात, “माझ्या वेळेलाही तूच ये हो बाळा.” बाळा! पन्नाशीचा बाप्या! मी त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, “तुम्ही बरे वेळेवर आलात, कुठलं यंत्र आहे तुमच्याकडं?” तर म्हणतो, “छे हो साहेब, मी विचारत विचारत आलो.”

यंत्र आता फडताळात आहे. मीही विचारत विचारत जातो. परवाच एका आडगावी चुकलो, गाडी थांबवली, कुंपणाशी म्हातारा उभा होता, त्याला रस्ता विचारला. तो म्हणाला, “सोपंय की! सरळ जा, एक चर्च लागेल. मागं कासलबारच्या कुणा येड्यानं भलत्याच बाईला खांदा दिला ना, तेच ते. तिथून डावीकडं, बास.”