बीचवाला डेस्कटॉप

यार, परवा आमच्या साहेबांनीच माझं भांडण जिंकून दिलं! इकडे हरियाणात, मानेसरला आमची कंपनी दोन डेस्कटॉप बनवते, एक अगदी साधा आणि एक महागडा. मधलं मॉडेल काढा म्हणून मी वर्षभर डोकं फोडतेय. साहेबांचं एकच, "मॅडम, बीचवाला कौन लेगा?"

परवा मीटिंगमध्ये ते हा विषय कायमचा बंद करणार होते, पण आधी नव्या गाडीचे लाडू वाटले. मी सहज विचारलं, "सर, कौनसा मॉडल लिया? सबसे सस्ता?"

"उसमें कुछ मिलता नहीं."

"तो टॉप?"

"उसमें फालतू चीजें ज्यादा. समझदार आदमी बीचवाला लेता है!"

अख्खी मीटिंग हसायला लागली. साहेब कपाळावर हात मारत म्हणाले, "बनाओ, मॅडम!"

मी दुसरा लाडू उचलला.