निळ्या लोकरी कोटाच्या ओळखीबाबत

मी धम्मपाल किसन हिवराळे, वय ६२ वर्षे, धंदा काही नाही (जिल्हा परिषदेतून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त), राहणार गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर. आज रविवार दि. ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी पोलीस ठाण्यात स्वतः आलो असून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. मुलगी मेघा लग्नानंतर न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे असते. पत्नी सुलेखा हिचे दि. २ सप्टेंबर २०२५ रोजी निधन झाले. आजाराचा या प्रकरणाशी संबंध नसल्याने तपशील देत नाही. तेव्हापासून माझी थोरली बहीण लीलाबाई सोबतीला आहे.

आज सकाळी ८ च्या सुमारास आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने कडूबाई या भांडेवालीला अडवले. ती जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देते. तिच्या अंगात गडद निळा लोकरी कोट होता. सोसायटीचे सचिव सत्यम काळे यांनी तो माझ्या पत्नीचा म्हणून ओळखला आणि चोरीचा समजून पोलिसांना फोन केला. मी त्या वेळी फिरायला गेलो होतो व मोबाइल घरी होता. तसाच बाजार करून ११ वाजता परत आल्यावर कळले, म्हणून लगेच आलो.

कोट चोरीला गेलेला नाही.

लीलाबाईने मला महिनाभरात दोनदा विचारले होते की, "तिचे कपडे देऊन टाकू का? गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत." दोन्ही वेळा मी "बरं" म्हणालो. कोट दारामागे माझ्या जाकिटाशेजारी लटकलेला होता. तो तेवढा ठेव, असे मी सांगितले नाही. गुरुवारी दि. ६ रोजी मी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो असताना तिने नऊ साड्या, दोन स्वेटर आणि हा कोट कडूबाईला देऊन झाकणाचा मोठा डबा घेतला. घरी आल्यावर मला खुंटी रिकामी दिसली. डब्यात तांदूळ भरून झाले होते.

शुक्रवारी जिन्यात सचिव भेटले. त्यांना मी एवढेच विचारले की, "ती भांडेवाली कोणत्या दिवशी येते?" त्यांनी विचारले, "का हो काका, काही गेलं का घरातून?" मी म्हणालो, "तसं काही नाही." माझ्या चेहऱ्यावरून त्यांचा गैरसमज झाला असावा. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकली. मी तो ग्रुप पाहत नाही. कडूबाईला तीन तास येथे बसावे लागले ते माझ्या अर्धवट बोलण्यामुळे, असे मी तिला सर्वांसमक्ष सांगितले आहे. ती म्हणाली, "म्या लई सांगितलं ह्यांना. चोरीचा माल कुणी अंगात घालून त्याच दारात येतं व्हय?"

हवालदार मॅडमनी माझ्यासमोर लीलाबाईला फोन लावला. ती म्हणाली, "दिला म्या. मला काय ठाऊक त्यो ठेवायचा व्हता? त्यानं तोंड उघडलं तर ना! शाळेत बी असाच व्हता. मास्तर मारायचे तरी बोलायचा नाय."

लीलाबाईने दिलेला कोट हाच का, खुणा सांगा, असे मॅडमनी विचारल्यावरून सांगतो.

आम्ही दोघे दि. १२ जुलै ते ६ ऑक्टोबर २०२४ मेघाकडे होतो. तेव्हा तिकडे थंडी असते. मेघा व जावई यांना शनिवार-रविवार सुटी असल्याने ते दर आठवड्याला कोठेतरी नेत. पहिल्याच आठवड्यात सुलेखाचे दोन्ही स्वेटर कुचकामी ठरले, म्हणून तेथील जुन्या कपड्यांच्या दुकानातून हा कोट घेतला. तेथे भाव करत नाहीत असे मेघाने तीनदा सांगितले. सुलेखाने मराठीत भाव केला व एक लोकरी टोपी वरून मिळवली. दुकानातील बाई हसत होत्या. टोपी मेघाकडेच राहिली आहे.

पहिली खूण: उजव्या खिशाच्या तोंडाशी रुपयाएवढा पिवळा डाग आहे. शनिवार दि. २० जुलै रोजी टेकापो नावाच्या तळ्यावर गेलो होतो. चहूकडे बर्फ होता. सुलेखाने मेथीचे धपाटे कागदात बांधून खिशात ठेवले होते, म्हणजे अंगाच्या उबेने गार होणार नाहीत. धपाटे गरम राहिले, पण तेल झिरपले. जावई म्हणाले, "आई, साबणानं जाईल." ती म्हणाली, "हळद कुठं जाती का बाबा! बर्फ पाहिल्याची पावती हाय ती."

दुसरी खूण: आतल्या बाजूस जुन्या हिरव्या ब्लाउजच्या कापडाचा खिसा हाताने शिवलेला आहे. दि. १० ऑगस्टला अकारोआ या गावी डॉल्फिन पाहायला बोटीत बसायचे होते. बोट हलली तर पासपोर्ट पाण्यात जाईल अशी तिला खात्री होती. आदल्या दिवशी तिने खिसा शिवून दोघांचे पासपोर्ट त्यात ठेवले. डॉल्फिन दिसले तेव्हा ती दोन्ही हातांनी खिसा धरून होती, त्यामुळे फोटो एकही नाही.

तिसरी खूण: वरून दुसरी गुंडी पांढरी आहे, बाकीच्या काळ्या आहेत. ती माझ्या शर्टाची आहे. शनिवार दि. ३१ ऑगस्ट रोजी आम्ही एका मेंढ्यांच्या फार्मवर गेलो. तो पाहुण्यांना दाखवण्यापुरता नव्हता, चालू फार्म होता. अकराशे मेंढ्या आणि सांभाळायला नवरा-बायको व दोन कुत्री. मी चौतीस वर्षे मेंढ्यांना लसी दिल्या आहेत, पण अकराशे मेंढ्या दोन कुत्र्यांनी ओळीत लावलेल्या पाहिल्या नव्हत्या. मालकाने शीळ घातली की कळप वळत होता. मी मेघाला म्हणालो की, आमच्याकडे एवढ्या कामाला आठ माणसे आणि तेवढ्याच शिव्या लागतात.

मी कुत्र्यांकडेच पाहत होतो. सुलेखाने मात्र मालकाला सांगून टाकले, "माय हसबंड, शीप डॉक्टर." मी पर्यवेक्षक होतो, डॉक्टर नव्हे, हे मेघाने समजावेपर्यंत त्याने माझ्या हाती खूर कापायची कातर दिली होती. आमच्या तालुक्यात मेंढी धनगर धरतात, आम्ही फक्त सुई टोचतो. तेथे मेंढी स्वतः उलटी करून बसवावी लागते. मेंढी सत्तर किलोची होती. तिने मला सुमारे पंधरा फूट ओढत नेले. सुलेखा गवताच्या गठ्ठ्यावर बसून हसत होती. तिच्या मांडीवर आई नसलेले कोकरू व हातात दुधाची बाटली होती. बाटलीकडे तिचे लक्ष राहिले नाही, तेव्हा कोकराने कोटाची गुंडी तोंडात धरली व तोडली. गुंडी कोकराच्या घशात जाईल म्हणून मी मेंढी सोडून धावलो आणि बोट घालून काढली. ती चावून फुटली होती. नंतर मालकाने रीत दाखवल्यावर मी खूर कापले. सुलेखाने येथील नातेवाइकांना फोनवर अकराशे मेंढ्यांचे सांगितले. प्रत्यक्षात तीन.

वरील तिन्ही खुणा टेबलावर ठेवलेल्या कोटावर मी दाखवल्या व मॅडमनी पाहिल्या. कोट तोच आहे.

मॅडमनी सांगितले की, चोरी नाही म्हणजे कोट जप्त करता येत नाही. तो कडूबाईचा आहे व तिला परत देण्यात येत आहे. मला ते मान्य आहे. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या बाईचा हाय तर न्या. माझा डबा तेवढा द्या." डबा बहिणीने हौसेने घेतला असून सौदा तिच्याशी झालेला आहे. तो मोडणे मला योग्य वाटले नाही. मी विचारले की, भांड्याऐवजी कपड्यावर कपडा देते का. ती म्हणाली, "आणा तर खरं. बघू."

मॅडमच्या परवानगीने मी घरी जाऊन १२ वाजून १० मिनिटांनी माझे जाकीट आणि मफलर घेऊन परत आलो. कडूबाईने कोट पुन्हा अंगात घातला होता. तिने जाकीट उलटे करून पाहिले, चेन दोनदा वरखाली केली. म्हणाली, "चेन बेस हाय. पण लोकर ती लोकर. वर काय देता?" मी लगेच मफलर पुढे केला. मॅडम म्हणाल्या, "अहो काका, आधी नाही म्हणायचं असतं." मी म्हणालो, "मला भाव करता येत नाही. ती करायची."

कडूबाई म्हणाली, "ठाऊक हाय. दोन सालामागं माझ्याकडून परात घेतली व्हती तिनं. दोन साड्यांवर. अर्धा तास भांडली, वर चहा पाजला, अन् पुन्हा एक पळी उचलून घेतली. म्या म्हणलं बाई, तुम्हीच टोपली घ्या डोक्यावर." त्यानंतर ती म्हणाली, "मफलर ऱ्हाऊ द्या. नुसत्या जाकिटावर देते."

मफलर मी परत घेतला नाही. तो तिनेही घेतला नाही, म्हणून मॅडमनी तिच्या टोपलीत ठेवला. हा व्यवहार राजीखुशीने झाला असून माझी कडूबाईविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व नव्हती. सोसायटीच्या ग्रुपवर तसे मी स्वतः लिहीन, आजच लिहीन. यापुढे तिला गेटवर अडवू नये असे सचिवांनाही सांगितले आहे.

तिने कोट काढून माझ्या हातात दिला. तो आतून गरम होता.

लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करतो.

(धम्मपाल किसन हिवराळे)
समक्ष