तहाची साखर

आमच्या आबांना निरुत्तर करणारा अंमलदार अजून जन्मायचाय. जर्मनीची लढाई संपली, तेव्हा सरकारनं गावोगाव तहाची साखर वाटायला घेतली. मामलेदार लोणावळ्याकडून आमच्या गावी आले. गावात पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, यावरून आम्हा थोरल्या पाटलांत आणि धाकट्या पाटलांत दरसाल काठ्या निघायच्या. मामलेदारांच्या कानावर ते गेलं होतं.

म्हणाले, "अहो पाटील, तिकडं विलायतेत राजे एका मेजावर बसले. तुम्हालाच काय जड जातं?"

आबांनी शांतपणे विचारलं, "मेजावर आधी कोन बसलं, सायेब?"

मामलेदार म्हणाले, "ते ठरायलाच बरेच दिवस गेले म्हणतात."

"मग आमाला बी लागतील. साखर तेवढी ठिवून जा."