एक ते दोन लिफ्ट बंद

— तिसऱ्यांदा सांगताय बाई, वडील वर आले नाहीत, वडील वर आले नाहीत. ऐकलं मी. बहिरा नाही. तिकिटाची खिडकी सोडून थेट दारातून आत आलात, दाराला टेकून उभ्या राहिलात — तेही चालवून घेतलं. म्हातारा माणूस, गुडघे गेलेले, मग एकटं सोडलंत कशाला? स्वतः जिन्यानं झपझप वर, आणि बाप मागे. चढले असतील पुढच्या गाडीत, उतरतील शेवटच्या स्टेशनवर, करतील फोन. — फोन तुमच्याकडेच? वा.

लिफ्ट? बंद आहे. वर एवढी पाटी टांगलीय, दिसली नाही? एक ते दोन बंद. कुणी ठरवलं म्हणजे? मी ठरवलं. अठरा वर्षं हे स्टेशन सांभाळतोय, दुपारी इथे मी एकटा. मी जेवायला बसलो आणि तेवढ्यात कुणी अडकलं, तर सोडवणार कोण — तुम्ही? म्हणून एकला बटण खाली. अठरा वर्षांत एक माणूस अडकलेला नाही, विचारा कुणालाही.

खाली फलाटावर पाटी नव्हती? नसेल. मलाही नियम माहितीये — लिफ्ट खाली न्यायची, आत कुणी नाही ते बघायचं, कुलूप घालायचं, पाटी लावायची, आणि मग जिन्यानं वर येऊन बटण बंद करायचं. चौसष्ट पायऱ्या. रोज. माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत? नियम करणाऱ्यांना म्हणावं, एकदा चढून दाखवा. मी आपला इथूनच — म्हणजे, आजच. आज जरा दुखत होते.

आणि आत कुणी असतंच तर घंटा वाजली नसती? लाल बटण आहे आत. दाबलं की इथे, माझ्या डोक्यावर खणखणते — खणखणायची. शाळेतली कार्टी येता-जाता दाबायची हो, दोन घास सुखानं खाऊ देईनात. म्हणून वायर जरा —

कुठे सोडलंत म्हणालात त्यांना? बाकावर ना? — लिफ्टमध्ये? तुम्ही स्वतः आत उभं केलंत, बटण दाबलंत आणि जिन्यानं आलात? मग हे आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलंत? कधी सांगितलंत? — वर पाटी बघून वाटलं, ते लिफ्टमधून उतरून परत गेले, आणि फलाटभर शोधत बसलात. शाबास. किती वाजता दाबलंत? नीट आठवा. एकच्या आधी असेल तर पोचले असतील, मग — एक. बरोबर एक.

आता दोनला दहा कमी आहेत.

नाही, दिवा नसतो. बटण खाली केलं की दिवा जातो. पंखाही जातो. असं बघू नका माझ्याकडे, मी काय मुद्दाम — आणि ते वायरचं बोललो, ते — राहू दे. सरका. बाजूला सरका ना बाई. बटणाच्या पेटीची किल्ली तुमच्या पाठीमागे आहे, दारालाच टांगलेली.